नचिकेत्याचा प्रश्न आणि दिवाळीची यादी



आजचं वाचन: कठोपनिषद, पहिल्या अध्यायाची पहिली वल्ली, सुरुवातीचे फक्त चार मंत्र. सोबतीला गीतेच्या १७ व्या अध्यायातले श्लोक २० ते २२.

नचिकेत्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. पण आपण ती सांगताना यमाच्या दारापासून सुरू करतो. तीन रात्री उपाशी बसलेला मुलगा, यमाने दिलेले तीन वर, आणि मग मरणानंतर काय उरतं हा मोठा प्रश्न. ते सगळं पुढे येणारच आहे. उपनिषदाची सुरुवात मात्र घरातून होते. तीही अगदी आपल्या घरासारख्या घरातून, जिथे वडील लोकांना काहीतरी देतायत आणि मुलगा बाजूला उभा राहून बघतोय.

वाजश्रवसांनी यज्ञ केला. त्या यज्ञात जवळचं सगळं देऊन टाकायचं असतं. पहिल्याच मंत्रात एक बारीकशी गोष्ट सांगून टाकली आहे, की हे सगळं त्यांनी फळाची इच्छा धरून केलं. दक्षिणेच्या गाई नेल्या जात होत्या. मुलगा लहान होता, पण त्या क्षणी त्याच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि त्याने गाईंकडे नीट पाहिलं. त्या गाई शेवटचं पाणी प्यायलेल्या, शेवटचं गवत खाल्लेल्या, आटलेल्या होत्या. ज्यांना मिळणार त्यांना त्यांचा काही उपयोग नव्हता. अशा गाई देणारा माणूस ज्या लोकात जातो तिथे आनंद नसतो, असं त्या पोराच्या मनात आलं. मग त्याने वडिलांना विचारलं की मला कोणाला देणार? एकदा नाही, तीनदा.

इथेच थांबू या आज. कारण दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली आहे, आणि ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत ते सगळे सध्या वाजश्रवसांच्या जागी उभे आहेत.

मी पुण्यात राहते. माझी थोरली सहा वर्षांची आहे आणि धाकटा साडेतीन. परवाच्या शनिवारी दोघांना घेऊन लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई असा फेरा झाला. ज्यांनी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तुळशीबागेत लहान मुलं नेली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. एक हात पिशवीत, एक हात मुलाच्या मनगटावर. पर्स दातात धरायची वेळ येते. धाकट्याला भातुकलीच्या दुकानासमोर सू लागते. मुलांची उंची अशी की त्यांना बाजार दिसतच नाही, नुसत्या माणसांच्या पिशव्या दिसतात. दुकानदार मात्र हुशार, त्यांनी चमकणाऱ्या वस्तू बरोब्बर त्याच उंचीवर टांगलेल्या असतात.

बरोबर यादी होती. माझ्या सासूबाईंनी आणि मी मिळून केलेली. नवऱ्याच्या ऑफिसमधले, माझ्या ऑफिसमधले, दोन्हीकडचे नातेवाईक, भाऊबीजेच्या ओवाळणीची परतभेट, शेजारचे काका-काकू. शेवटी सोसायटीचे वॉचमन काका, कचरा न्यायला येणाऱ्या ताई, पेपरवाले दादा आणि आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी. थोरलीला नुकतंच नीट वाचता यायला लागलंय, त्यामुळे समोर येईल ते मोठ्याने वाचायची तिला हौस. सुक्या मेव्याच्या दुकानात काउंटरपाशी उभं राहून तिने अख्खी यादी वाचली, आकड्यांसकट. आणि मग विचारलं, "आई, सगळ्यात लांबच्या माणसाला सगळ्यात मोठा डबा का?"

दुकानदार हसला. मागे उभ्या असलेल्या एक बाई पण हसल्या. प्रश्न मात्र बिनचूक होता. यादीत सर्वांत मोठा डबा ज्यांच्या नावासमोर होता, ते गृहस्थ आमच्या घरी कधीच आलेले नाहीत.

मी तिला दुकानातच उत्तर दिलं. "तो डबा भेट नाही गं, तो व्यवहार आहे. ते आपल्याला पाठवतात, आपण त्यांना पाठवतो." तिला ते लगेच पटलं. शाळेत पेन्सिलींची अदलाबदल चालतेच. पण घरी आल्यावर मी गीता उघडली, कारण व्यवहार हा शब्द मी वापरला खरा, पण त्याची किंमत काय, हे मला नीट तपासायचं होतं.

भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. द्यायला हवं म्हणून दिलेलं, परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं, ते सात्त्विक. परतफेडीसाठी किंवा फळावर डोळा ठेवून दिलेलं, किंवा मनाला त्रास करून घेत दिलेलं, ते राजस. आणि अयोग्य जागी, अयोग्य वेळी, आदराशिवाय, तुच्छतेने दिलेलं, ते तामस.

आता ही तीन खणांची पेटी घेऊन आपली दिवाळीची यादी बघा. ऑफिसचे डबे कुठे जातील ते सांगायलाच नको. सोनपापडीचा तो प्रसिद्ध डबा, जो एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या घरात जातो आणि ज्यावर आपण दरवर्षी विनोद करतो, त्याचं काय? विनोद ऑफिसच्या ग्रुपवर होतो, पण शेवटी तो डबा बऱ्याचदा कोणाच्या हाती थांबतो, ते जरा आठवून बघा. जो माणूस तो पुढे पाठवू शकत नाही, त्याच्या हाती. तीच ती आटलेली गाय. देणाऱ्याच्या घरातली अडगळ कमी होते आणि पुण्याच्या खात्यात नोंदही होते.

पण मला इथे वाजश्रवसांची बाजू थोडी घ्यायची आहे. महिनाअखेर, घराचा हप्ता, शाळेची फी, गावी आई-वडिलांना पाठवायचे पैसे. सगळ्यांना दुभती गाय देणं कोणालाच शक्य नाही. मग ज्याच्या गोठ्यात म्हाताऱ्याच गाई आहेत त्याने द्यायचंच नाही का? भगवंत तर नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावर समाधान मानतात. तिथे अट भक्तीची आहे, किमतीची नाही. म्हणजे कमी दिलं, स्वस्तातलं दिलं, हा दोष नक्कीच नाही.

मग नचिकेता अस्वस्थ का झाला? मला वाटतं, यज्ञ सगळं देण्याचा होता आणि दिलं जात होतं ते नको असलेलं. नाव मोठं, वस्तू टाकाऊ. वडिलांनी "माझ्याकडे एवढंच आहे" असं म्हणून दोनच गाई दिल्या असत्या तरी कदाचित तो मुलगा गप्प राहिला असता. लहान मुलांना कमी कळत नाही असं नाही, त्यांना किंमत कळत नाही. पण मोठी माणसं बोलतात एक आणि करतात एक, हे त्यांना फार लवकर कळतं.

इथे आपली मराठी भाषा मदतीला येते. "देणं" या एकाच शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे हातातली वस्तू दुसऱ्याला देणं. दुसरा म्हणजे ऋण, "मी त्यांचं देणं लागतो" मधलं देणं. आणि दिवाळीची निम्मी यादी या दुसऱ्या अर्थाची असते, हे आपण विसरतो. पोळ्यांच्या मावशींना दिवाळीला एक पगार जास्त द्यायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. पेपरवाले, वॉचमन यांना पूर्वी दिवाळीची "पोस्त" दिली जायची, अजूनही जुन्या लोकांच्या तोंडी तो शब्द असतो. हे दान नाही. वर्षभर त्यांनी जे केलं त्यातलं राहिलेलं फेडणं आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत फार कडक बोलतात. ज्यांच्याकडून मिळालं त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो तो चोर, असं सरळ म्हणतात. तिथे विषय देवांचा आणि यज्ञाचा आहे, पण ज्यांच्या हातच्या पोळ्या आपण रोज खातो त्यांनाही तो नियम लावायला काय हरकत आहे?

विनोबांनी भूदानाच्या वेळी हीच गोष्ट धरून ठेवली होती. १९५१ साली पोचमपल्लीला भूदान सुरू झालं, तेव्हापासून ते दान शब्दाचा अर्थ शंकराचार्यांच्या आधारे सांगत आले, की दान म्हणजे संविभाग, नीट वाटून घेणं. दान म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. वाटणी म्हटलं की दोघं एकाच पाटावर येतात. घरातल्या चार लाडवांची वाटणी करताना कोणी कोणावर उपकार करत नाही ना?

म्हणून आमच्या घरात या वर्षी एक साधी गोष्ट ठरली. मावशींचं पाकीट आधी, यादीच्या बाहेर. ते "गिफ्ट" नाही, हे मुलीला स्वच्छ सांगायचं. आणि त्याशिवाय, जमलं तर, एक छोटीशी भेट, जी खरंच भेट असेल.

ती भेट ठरवायचं काम थोरलीवर सोपवलं होतं. मावशींचा नातू पाच वर्षांचा आहे. कधीकधी शाळेला सुट्टी असली की येतो, दोघं मिळून गॅलरीत खेळतात. त्याच्यासाठी किल्ल्यावरचा मावळा घ्यायचा असं तिचंच म्हणणं. मातीच्या मावळ्यांच्या ढिगासमोर ती बसली. तिच्या गल्ल्यातल्या पैशांत दोन मावळे आले. एक त्याला, एक स्वतःच्या किल्ल्याला. निवडून झाल्यावर लक्षात आलं की एकाच्या भाल्याचं टोक उडालंय. ती लगेच म्हणाली, "हा तुटका त्याला देऊ, चांगला मला ठेवू."

बघा, कोणी शिकवावं लागलं नाही! आटलेली गाय दुसऱ्याला आणि दुभती आपल्याला, ही अक्कल माणूस जन्मतःच घेऊन येतो. मुलं निरागस असतात म्हणून आपोआप उदार असतात, असं आपल्याला वाटतं, पण दोन मुलं असलेल्या कोणत्याही घरात संध्याकाळी पाच मिनिटं बसलात तर हा गैरसमज जाईल.

बदलून मागायला विकणाऱ्या आजींकडे त्या आकाराचा आणखी मावळा नव्हता. मी तिला "शहाणी मुलगी ना तू" वगैरे काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "त्याला यातला कोणता आवडेल?" ती बराच वेळ दोन्ही मावळे हातात घेऊन बसली. धाकट्याने तेवढ्यात दोनदा पाणी मागितलं. शेवटी तिने चांगला मावळा वेगळ्या कागदात गुंडाळायला आजींकडे दिला. आणि रिक्षात बसल्यावर रडली. खळखळून नाही, मुसमुसत. घरापर्यंत.

आता आई म्हणून दोन गोष्टी अगदी जिभेवर आल्या होत्या. एक, "किती गुणाची गं माझी बाई!" दुसरी, "थांब, तुला उद्या याहून मोठा मावळा आणू." दोन्ही मी गिळल्या. तुम्हाला हे कठोर वाटेल. माझ्या सासूबाईंनाही वाटलं. पण विचार करा. देऊन झाल्याबरोबर कौतुक मिळालं, तर पुढच्या वेळी मूल कौतुकासाठी देईल. देऊन झाल्याबरोबर मोठी वस्तू मिळाली, तर ते शिकेल की देणं हा मोठी वस्तू मिळवायचा रस्ता आहे. फळावर डोळा ठेवून दिलेलं ते राजस, असं श्लोक म्हणतो, आणि तो डोळा मुलांना आपणच लावतो, तोही प्रेमाने. म्हणून मी तिला फक्त जवळ घेऊन बसले. "वाईट वाटतंय ना, वाटतं तसं" एवढंच म्हटलं.

मग रात्री पुन्हा तोच श्लोक समोर. मनाला त्रास करून घेत दिलेलं तेही राजस, असं तिथेच लिहिलंय. म्हणजे माझ्या लेकीने रडत दिलेला मावळा शास्त्राच्या मापात राजसच ठरला की काय? मी यावर बराच विचार केला. त्रास दोन प्रकारचा असू शकतो. घेणाऱ्याबद्दल कडवटपणा, "याला कशाला द्यावं लागतंय" हा एक. आणि आवडती वस्तू हातातून सुटल्याची हुरहुर हा दुसरा. पहिल्याने देणं नासतं. दुसऱ्याने नासतं की नाही, ते मला ठामपणे सांगता येणार नाही. काटेकोर मोजलं तर कदाचित राजसच म्हणावं लागेल. आणि तसं असेल तरी मला ते चालेल. तुटका मावळा देऊन हसत घरी आली असती, त्यापेक्षा चांगला देऊन रडत आली, हे मला एक पायरी वरचं वाटतं. सहाव्या वर्षी सत्त्वगुण पूर्ण उतरलेला असावा ही अपेक्षा भगवंतांचीही नसावी. सतरावा अध्याय अर्जुनाच्या प्रश्नाने सुरू होतो, की शास्त्राचा विधी बाजूला ठेवून पण श्रद्धेने जे करतात त्यांचं काय? म्हणजे अर्धवट माणसांची चिंता अर्जुनालाही होती. मलाही आहे, कारण घरात आम्ही चौघेही अर्धवटच आहोत.

तुम्ही म्हणाल, एवढी दगदग कशाला? फोनवर पाच मिनिटांत सगळे डबे मागवता येतात, परस्पर पोचतात, मुलं घरी सुरक्षित. खरं आहे. तान्हं बाळ असेल, घरी कोणी आजारी असेल, वेळच नसेल, तर जरूर मागवा, त्यात पाप नाही. पण एकदा तरी, एका तरी वस्तूसाठी मुलांना बरोबर न्या असं मी म्हणेन. दारावर येणारं खोकं मुलांना एकच गोष्ट शिकवतं, की वस्तू येतात. वस्तू निवडताना दुसऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा लागतो, पैसे मोजावे लागतात, एक घेतलं की दुसरं सोडावं लागतं, हे खोक्यातून कळत नाही.

आणि हो, मुलं बाजारात हट्ट करणार. याच उपनिषदात पुढे यमराज नचिकेत्यासमोर केवढा बाजार मांडतात! हत्ती, घोडे, सोनं, जमीन, हवं तेवढं आयुष्य, रथ आणि वाद्यं. जगातलं सर्वांत मोठं दुकान, आणि तेही फुकट. तो मुलगा सगळं नाकारतो, हे आज आहे उद्या नाही म्हणून. दुसऱ्या वल्लीत श्रेय आणि प्रेय यांतला फरक येतो तो यावरूनच. पण आपल्या साडेतीन वर्षांच्या बाळाने दिवे लागणाऱ्या बंदुकीसमोर श्रेय-प्रेयाचा विवेक करावा, ही अपेक्षा म्हणजे जरा जास्तच. ते रडेल, जमिनीवर लोळेल. त्याला "आज आपल्यासाठी नाही, आज दुसऱ्यांसाठी आलोय" हे दर दुकानात शांतपणे सांगावं लागेल. आमच्या धाकट्याने ते वाक्य चौथ्या दुकानात स्वतःच म्हणून दाखवलं, आणि लगेच पुढच्या श्वासात बंदूक मागितली.

एक शेवटची गोष्ट. वाजश्रवसांनी तिसऱ्यांदा प्रश्न ऐकला आणि चिडून म्हणाले, तुला मृत्यूला देतो. कोणत्याही थकलेल्या बापाच्या तोंडून जाईल असंच ते बोलणं. मुलाचा प्रश्न खरा असला की आपला आवाज चढतो, हा सगळ्या घरांतला अनुभव. पण यमाने वर माग म्हटल्यावर त्या मुलाने सर्वांत पहिला वर काय मागितला? वडिलांचं मन शांत होऊ दे, त्यांचा माझ्यावरचा राग जाऊ दे, मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून जवळ घेऊ दे. आत्मज्ञान तिसऱ्या वरात, वडील पहिल्या वरात. म्हणजे त्याने प्रश्न विचारला तो वडिलांना हरवायला नव्हे. त्यांचं देणं खरं व्हावं, त्यांनी त्या आनंद नसलेल्या लोकात जाऊ नये, म्हणून विचारला होता. आपली मुलं दुकानात मोठ्या आवाजात नको ते विचारतात, तेव्हा हे आठवलं तर बरं.

आजचा छोटा अभ्यास: दिवाळीची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे एकच अक्षर लिहा. "व्य" म्हणजे व्यवहार, "ऋ" म्हणजे ऋण, "भे" म्हणजे भेट. व्यवहार व्यवहाराच्या जागी राहू दे, त्याची लाज नको, फक्त त्याला दान म्हणू नका. ऋणाचं पाकीट सर्वांत आधी आणि मानाने द्या. आणि भेटीच्या रकान्यात एक जरी नाव निघालं, तर त्या एका भेटीसाठी मुलांना बरोबर घेऊन बाजारात जा.

उद्या याच वल्लीचे पुढचे मंत्र वाचू, नचिकेता यमाच्या दारात पोचतो तिथपासून.

रामकृष्णहरी.